फणसाच्या लाकडाचा ड्रम

परवा खालापुरात सुताराच्या दुकानापुढून जाताना ताज्या कापलेल्या फणसाच्या लाकडाचा गोडसर वास आला आणि मला भिवपुरीकडचा तो लग्नाचा मांडव आठवला. माझी थोरली बहीण वंदी त्या दिवशी बेंजो पार्टीत पहिल्यांदाच ड्रम वाजवणार होती. तिच्या मोठ्या ड्रमचं खोड, म्हणजे प्लायवुडचा गोल सांगाडा, ओल लागून थराथरांनी सुटलं होतं, म्हणून बाबांनी फणसाच्या पट्ट्या जोडून नवं खोड केलं होतं.

वंदीने हळूच वाजवून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, आवाज बसका येतोय. प्लायचा कसा पटकन उठायचा!"

"जाड लाकूड हाय गं. हळू मारलंस तर बोलायचं नाय. जोरात मार."

"आणि सांधा उकलला तर?"

बाबांनी पट्ट्यांच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

नवरी आली. वंदीने डोळे मिटून जोरात ठोका दिला. घुमणारा, खोल आवाज थेट छातीत उतरला आणि मांडव नाचू लागला. बाबा मात्र शेवटपर्यंत ड्रमशेजारी उकिडवे बसून होते, हात सांध्यावर.

तेव्हा वाटलं होतं, त्यांना लाकडाची काळजी आहे. आता माझी लेक स्टेजवर चढते, तेव्हा मीही पुढची खुर्ची तशीच घट्ट धरून बसतो.