लेकीसाठी उतरलेला ड्रायव्हर

आमच्या गावात कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि ॲम्ब्युलन्सला उशीर आहे असं कळलं, की घरची माणसं एकच नाव घेतात, जळबा. मी गावची आशाताई, त्यामुळे बाईसोबत त्याच्या जीपमध्ये मी असतेच. खड्डा दिसला की जळबा गाडी इतकी हळू घेतो, की पोटातल्या लेकराला झोप लागावी. भाड्याचं विचारलं तर "बारशाला बोलवा" म्हणतो. खरंच जातो आणि दोनदा जेवतो.

असा हा माझा लाडका माणूस. वर्षभरापूर्वी त्याची कंबर धरली. स्टँडमागे कुणीतरी चिलीम पुढे केली, आराम पडला, सवय लागली. दारूला तो शिवत नाही. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. पण ते शील दारूचं, गांजाचं नव्हे, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. शिवाय गांजाने माणूस गाडी सावकाश चालवतो, हा शहाणपणा वेगळाच! त्याचे लाल डोळे बघून आम्हाला वाटायचं, धूळ गेली असेल.

मग त्याची एकुलती लेक सपना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भर दुपारी कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. मी आणि त्याची बायको जनकाबाई, दोघींनी पोरीला धरून जीपमध्ये बसवलं. जळबा नुकताच स्टँडवरून आला होता. त्याने गाडी मागे घेतली ती थेट शेजारच्या ओट्यावर आदळली. सपना किंचाळली.

"मला वाटलं, ओटा लई लांब हाय," जळबा पुटपुटला. मग किल्ली काढून खाली उतरला. "ताई, माझ्यानं व्हनार न्हाई. म्या आत्ताच गांजा ओढून आलोय."

माझं डोकंच फिरलं. जवळच्या गोरेगावच्या स्टँडवरून हिरासिंग ड्रायव्हर येईपर्यंत मी सपनाचा हात धरून बसले, आणि जळबाला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

हिंगोलीच्या दवाखान्याच्या वाटेवर जळबा मागच्या सीटवर अंग चोरून बसला होता. हिरासिंगने आरशातून त्याच्याकडे बघितलं.

"पोलिसांच्या फुंकायच्या मशीनला गांजा कळत न्हाई म्हणून खुशीत व्हता ना? रक्त तपासतेत, जळबा. माझ्या भाच्यानं असंच ओढून मोटारसायकलवाल्याला उडवलं. लायसन गेलं, जीप ठाण्यात सडून राहिली, अन् पोरगं जेलात. विमावाल्यानंबी हात वर केले. तो मोटारसायकलवाला तर अजून अंथरुणाला खिळलाय."

जळबाने सपनाच्या पायांवरची चादर नीट केली.

संध्याकाळी सपनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. वॉर्डाबाहेर जळबा ढसाढसा रडला. "बरं झालं उतरलो, जनका. लेकीचं कायतरी झालं असतं तर?"

जनकाबाई पदराने त्याचे डोळे पुसत होती. पुसता पुसता अगदी हळू म्हणाली, "आपली लेक व्हती म्हणून उतरलात. दुसऱ्याच्या लेकी बसल्या, तवा काहून न्हाई उतरलात?"

त्यानंतर चिलीम सुटली. कंबरेसाठी तो आता डॉक्टरच्या गोळ्या घेतो. पण जनकाबाईचं बोलणं त्याला स्वस्थ बसू देईना. एक दिवस म्हणाला, "ताई, कोमलकडं चला माझ्यासंगं." गावातल्या खेमाच्या या सुनेला सपनाच्या महिनाभर आधी त्यानेच बाळंतपणासाठी हिंगोलीला नेलं होतं. मी म्हणाले, झालं गेलं, कशाला उकरता? ऐकेना.

आम्हाला बघून कोमलला कोण आनंद! आम्ही बसतो न बसतो तोच तिने बाळ जळबाच्या मांडीवर ठेवलं. "काका, तुमी व्हता म्हणून टायमावर पोचले मी."

जळबाने बाळाच्या केसांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हा नाही सांगायचा. मलाही तेच हवं होतं. पण त्याने सांगितलं. त्या दिवशी ओढून गाडी चालवली होती, सगळं नीट पार पडलं ते नशिबानं, असं थांबत थांबत, मान खाली घालून.

कोमल पुढे आली, त्याच्या मांडीवरून बाळ उचललं आणि छातीशी घट्ट धरून आत निघून गेली.

जळबाचे दोन्ही हात तसेच होते, बाळ धरल्यासारखे.