गव्हात मिसळलेली बाजरी

कर्जतच्या आमच्या गिरणीवाल्याला हळू बोलता येत नाही. चक्कीच्या घरघरीपेक्षा मोठा आवाज काढून काढून गळ्याला तीच सवय लागली आहे. तो मोबाईलवर पोकर हा पत्त्यांचा जुगार खऱ्या पैशांऐवजी खोट्या चिप्सवर खेळतो आणि त्याचे डावपेच सांगणारा ग्रुपही चालवतो. "पत्ता वाईट आला तरी तोंडावर दाखवायचं न्हाई!" हे गुपित त्याने बोटांत पीठ चोळत, रांगेतल्या सगळ्या बायकांदेखत मला ओरडून सांगितलं.

ग्रुपला महिना पन्नास रुपये वर्गणी लावा, हिशेब मी ठेवतो, असं मीच सुचवलं. शाळेच्या सहलीपासून कुठेही खजिनदार व्हायची मला हौस. पहिली नोटही मीच दिली आणि त्याच्याच सल्ल्याने खेळून त्याच दिवशी माझ्या सगळ्या चिप्स घालवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने ती नोट माझ्या पिठाच्या डब्यावर ठेवली.

"सर, तुमच्या गव्हात आधीच्या गिऱ्हाइकाची बाजरी थोडी मिसळतीच. तिचं पैसं मी घेतो का? ह्ये डावपेच बी मी दुसऱ्याकडनंच ऐकल्यालं हायत. वर्गनी बंद!"

माझं खजिनदारपद एका दिवसात गेलं. तरी मी चेहरा दगडासारखा ठेवला.

"सर, तोंडावर दिसतंय!" तो ओरडला.