बेटर… कशापेक्षा?

कदम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वैजापूरला शाळेत नववीचे पेपर तपासत बसले होते. बुधवार होता. "सर गेले गं… सकाळीच," एवढंच काकू, सरांच्या पत्नी, म्हणाल्या. त्याला आता दीड महिना होत आला, पण माझ्या कानात अजून दोन दिवस आधीचाच, सोमवारचा फोन आहे. "सर, तब्येत कशी आहे?" मी विचारलं होतं. "बेटर आहे," सर म्हणाले. "मग पेपर संपवून रविवारी येते," म्हणून मी फोन ठेवला. इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी हयात गेली, आणि सरांनी मला जो प्रश्न सगळ्यात आधी शिकवला तोच मी त्यांना विचारला नाही.

सर मला भेटले चितेगावच्या शाळेत, आठवीला. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं, वर्गापर्यंत पोचलेली मी पहिलीच. फळ्यावर 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' लिहून सरांनी 'गुड'चं पुढचं रूप विचारलं आणि मी उभी राहून ठणकावून सांगितलं, "गुडर." वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. "चुकली, पण नियमानं चुकली. तुम्ही तर तेवढंही चुकला नाहीत," ते वर्गाला म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेहतर शब्द ऐकलाय का?" ऐकला होता, बाजारात रोज कानावर पडायचा. "मग झालं की. बेहतर, बेटर. हे तर आपल्या घरचंच निघालं गं." सर शेतकरी घरातले, पण पोलीस ॲक्शनपर्यंत उर्दूतून शिकलेले. निजाम गेला, शाळेची भाषा बदलली, आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांना मराठीचा ग म भ न गिरवावा लागला. त्यामुळं चुकणाऱ्याला हसणं त्यांना कधी जमलंच नाही. बद म्हणजे वाईट, मग बदतर, मग बदतरीन असं तीन पायऱ्यांत ते इंग्रजी शिकवायचे आणि शेवटच्या पायरीवर थांबून म्हणायचे, "तरीनच्या पुढं काय नसतं. तिथून खालीच यायचं."

लांबलचक शब्दाला मागं शेपूट झेपत नाही, म्हणून त्याच्या पुढं 'मोर' नाचवायचा, हाही त्यांचाच नियम. परीक्षेत मी 'मोर बेटर' लिहून आले तेव्हा पेपर परत देताना हळूच म्हणाले, "तुला तरी कळायला पायजे. एका मेंढराला दोन धनगर कशाला?" मला इतकं हसू आलं की मार्क बघायचं राहून गेलं. पण त्यांचा खरा धडा वेगळाच होता. 'बेटर' एकटा राहत नाही, त्याच्या मागं कुणीतरी असतंच, असं ते म्हणायचे. कुणी बेटर म्हणालं की विचारायचं, कशापेक्षा? हा प्रश्न त्यांनी घरीही सोडला नाही. काकूंनी "आजची भाजी बरी झालीय" म्हणायचा अवकाश, आतल्या खोलीतून आवाज यायचाच… "कशापेक्षा?" काकू वैतागायच्या. "लई झालं तुमचं इंग्रजी," म्हणायच्या.

दिवसकार्य झाल्यावर मी काकूंकडं गेले. पुंडलिकनगरच्या त्या घरात सरांच्या खुर्चीसमोर भिंतीवर कॅलेंडर आहे. आजारपण लागल्यापासून तब्येतीची नोंद ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि सर रोज लाल पेन्सिलीनं तारखेखाली एकच शब्द लिहायचे. इंग्रजीत. काकूंना मराठी येतं, इंग्रजी येत नाही. "काय लिवलं?" त्या विचारायच्या, आणि सर म्हणायचे, "ठीक." त्या घरात तेवढा एकच शब्द 'कशापेक्षा'वाचून सुटला.

काकूंनी कॅलेंडरचं पान उलटलेलं नव्हतं. मी जवळ जाऊन वाचलं. शुक्रवारी बॅड. शनिवारी वर्स. रविवारी वर्स्ट, अक्षरं चौकोनाबाहेर गेलेली. सोमवारी बेटर. मंगळवार कोरा. म्हणजे सर माझ्याशी खोटं बोलले नव्हते. व्याकरणात तर अजिबात चुकले नव्हते. एक शब्द विचारला असता, तर मी पेपर तसेच टाकून संध्याकाळची गाडी धरली असती. ते वाचले नसते कदाचित… पण मी तिथं असते.

"काय लिवलंय गं शेवटाला?" मागून काकूंनी विचारलं.

"सोमवारी बेटर होते, काकू. बरं वाटत होतं त्यांना."

काकूंनी चष्मा पुसला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कशापेक्षा?"

माझं बोट रविवारच्या चौकोनावर होतं. चहा ठेवते म्हणाले आणि आत जाऊन नळ सोडून रडले. काकू वर्तमानपत्राची ही पुरवणी शब्द न् शब्द वाचतात, म्हणून उत्तर इथं लिहिते आहे. मी विचारायला चुकले. तुम्ही नाही चुकलात.

काकू, रविवारपेक्षा.