सारजाबाईंचे सत्तर किलो

भूगावच्या सारजाबाईंची किडनी लेकाला जुळली, तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली. नवरा हैबतराव याच किडनीच्या आजारानं गेलेला. शंभूला तरी आपण वाचवू, असं त्यांना वाटलं. पण डॉक्टर म्हणाले, "तुमचं वजन ब्याण्णव आहे. सत्तरवर आणा, त्याशिवाय ऑपरेशन नाही."

हे ब्याण्णव आले कुठून? भातखाचरं बिल्डरकडे गेली आणि दिवसभर चिखलात वाकणारी बाई भाडेकरूंच्या खोल्यांवर नजर ठेवत खुर्चीत बसली. शेत गेलं, शेतातली भूक मात्र ताटात राहिली.

वजन उतरवायचं म्हणजे उपास, एवढंच त्यांना ठाऊक. सोमवार होताच, गुरुवार धरला, शनिवार धरला. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, तुपातला बटाटा. एकादशी अन् दुप्पट खाशी! पण हसू नका. ती माउली प्रत्येक घास लेकाचं नाव घेऊन खात होती. तीन महिन्यांनी काटा पंच्याण्णववर गेला.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ जुईलीनं कपाळाला हात लावला. "आजी, उपास सोडा. रोजचं ताट बदला, रोज चाला. आणि हे आता जन्मभर."

"जन्मभर कशाला? एकदा किडनी काढून घ्या, मग बघू."

"उरलेल्या एका किडनीवर तुम्हाला जगायचंय ना?"

बाई ऐकणाऱ्या होत्या. भात वाटीभरावर आला, ताटात पालेभाजी वाढली, सकाळी तासभर चालणं सुरू झालं. लग्नात जिलबीचा आग्रह झाला की त्या सरळ उठून जायच्या. महिन्याला दोन किलो उतरू लागले. तेवढ्याला तेवढा वेळ लागतोच, आणि शंभूकडे तोच नव्हता. काटा अठ्ठ्याहत्तरवर असताना डायलिसिसच्या खाटेवरच तो गेला.

वाया गेलेले ते तीन महिने सारजाबाईंच्या काळजात रुतून बसले. "म्या खिचडी खात बसले, आन् लेक गेला," एवढंच त्या बोलत. कुणी कितीही समजावलं तरी पटत नसे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर खोचून चालायला निघाल्या. धाकटी जाऊ हेमलता दारात आडवी आली.

"अक्का, आता कुणासाठी गं? दोन घास खा की पोटभर."

ओट्यावर शंभूची दहा वर्षांची लेक पिंकी दप्तर भरत होती. आजार घराण्यातला आहे, पोरीला दरवर्षी तपासत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सारजाबाईंनी नातीकडे पाहिलं आणि चपला पायांत सरकवल्या.

"अजून आठ किलो ऱ्हायल्यात," त्या म्हणाल्या.