जोकच्या आधीचं हसू

चिराग नावाच्या त्या माणसाला मी पाण्यात पाहतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला निःपक्षपाती समजायची चूक कोणी करणार नाही. पण ही गोष्ट त्याची नाही. माझ्या रमावहिनींची आहे आणि त्यांच्या हसण्याची.

वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. तिथे त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. पोरं त्यांची चप्पल ऐकून बाकावर सरळ व्हायची. माझा थोरला भाऊ गेला, नोकरी संपली, रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलं. रायपूरच्या समता कॉलोनीत आमच्या घरामागे बाग आहे. तिथल्या हास्यक्लबात वहिनी एका कडेला उभ्या राहू लागल्या, आणि वर्ष उलटायच्या आत त्याच क्लब चालवू लागल्या.

हा हास्यक्लबाचा कारभार मला कधी पटला नाही. म्हातारे-म्हाताऱ्या गोल करून हात वर करतात आणि कारण नसताना हा हा, हो हो करतात. बागेतली कुत्रीसुद्धा आता भुंकत नाहीत. कोणी नवा माणूस लाजला की वहिनी त्याला सांगायच्या, "पहिले हसा, कारण मागून येते." पण त्यांचं हसू अस्सल होतं, हे मान्य करावंच लागेल. पोटातून यायचं, दोन्ही हात पोटावर जायचे, डोळ्यांतून पाणी वाहायचं. त्यांना पाहून शेजारी उभी असलेली अपर्णा हसायची आणि अपर्णाला पाहून बाकीचे.

अपर्णा आमच्याच गल्लीतली, वहिनींची जिवाभावाची मैत्रीण. तिचा मुलगा शिशिर वहिनींच्या हाताखाली पाढे शिकला. पुढे शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर कॉम्प्युटरला बसला. आज कायम करू, उद्या करू म्हणत वर्षं गेली, लग्नाचं वय टळत आलं, आणि एक दिवस त्याच्यासकट सगळ्या कंत्राटी पोरांना घरी बसवलं. पोरं घरी बसली नाहीत. त्यांनी नवा रायपुरात मांडव घालून धरना धरला. तिकडचे रस्ते एवढे रुंद की ओरडलेलं पलीकडे जात नाही, आणि बस मिळायची म्हणजे नशीब लागतं. अपर्णा रोज डबा घेऊन जायची. त्यात वहिनींच्या हातचे पोहे असायचे.

आता चिराग. हा पूर्वी टाय लावून बातम्या वाचायचा आणि त्याला कोणी बघत नव्हतं. मग त्याने मोबाइलवर दिसणारा स्वतःचा कार्यक्रम काढला, 'शनिवार की खिंचाई'. राजकारणाची बातमी घ्यायची, तिच्यावर जोक करायचा आणि समोर माणसं बसवून त्यांना हसवायचं. दातांच्या दवाखान्यावरचा एक हॉल त्याने भाड्याने घेतला. कॉलेजची पोरं बोलावून पाहिली, तर ती स्वतःच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. मग त्याला कोणीतरी आमच्या क्लबाचं नाव सांगितलं. एका सकाळी बागेत येऊन सगळ्यांच्या पाया पडला. बटाटावड्यासारखा आलूगुंडा, चहा, एसी आणि वर पडद्यावर तोंड. म्हातारे लगेच तयार झाले.

पहिले काही कार्यक्रम चांगले होते, खोटं कशाला बोलू. एकाच पुलाचं दोनदा उद्घाटन झालं होतं, ते पेपरांनी गिळलं आणि याने चव्हाट्यावर आणलं. मी खुर्चीत बसून हसलो. मोठ्या माणसाला भीती वाटावी असं हसू गावात असणं बरंच असतं.

पण त्याच्या कामाची एक रीत होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कॅमेरा फक्त लोकांवर लावायचे. कानाला हेडफोन लावलेली एक पोट्टी समोर उभी राहून सांगायची: आता हलकं हसा, आता जोरात, आता टाळ्या, आता चिडल्यासारखी मान हलवा. चिराग तेव्हा आत पावडर लावत असायचा. दुसऱ्या कोणालाही हे विचित्र वाटलं असतं. आमच्या क्लबाला वाटलं नाही, कारण ते रोज सकाळी हेच करत आले होते. मी वहिनींना विचारलं की हे काहून करवतात. त्या म्हणाल्या, "गळा मोकळा कराले, भाऊजी." आणि हिरवी साडी सावरून पोट धरून हसल्या. त्या दिवशी तर एवढ्या हसल्या की ती पोट्टीसुद्धा हसायला लागली.

त्याच शनिवारी चिराग मंचावर आला आणि धरन्यावर घसरला. काही पोरं तेव्हा उपोषणाला बसली होती, शिशिर त्यांत होता. चिराग म्हणाला, "बेचारे धरने पर बैठे हैं। अरे, ऑफिस में भी तो बैठे ही रहते थे, बस कुर्सी चली गई। अब खाना भी छोड़ दिया। जिनका लंच तीन बजे तक चलता था, वो कितने दिन टिकेंगे?"

दोन-चार जण हसले. मी मागच्या रांगेत होतो. वहिनींची पाठ एकदम ताठ झाली, ती मी या डोळ्यांनी पाहिली. शाळेत एखाद्याने शिवी दिली की होत असे तशी.

दुसऱ्या दिवशी तो जोक सगळ्यांच्या मोबाइलवर होता. चिराग बोलतो, "कितने दिन टिकेंगे?" आणि लगेच पडदाभर रमावहिनी. हिरवी साडी, पोटावर हात, डोळ्यांत पाणी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी एकटा बसून बघणाऱ्याला जोक बरा की वाईट हे कुठे कळतं? एवढी भल्या घरची बाई डोळे पुसतेय म्हटल्यावर तोही हसतो. म्हणून तर त्याला माणसं समोर लागत होती. आणि नवा रायपुरातल्या मांडवात चार दिवसांचा उपाशी शिशिर आडवा पडून दुसऱ्याच्या मोबाइलवर तेच बघत होता.

संध्याकाळी अपर्णा फाटकाशी आली. आत आली नाही. मांडवातल्या बाकीच्या पोरांसाठी नेलेला पोह्यांचा डबा न उघडता परत आणला होता, तो तिने भिंतीवर ठेवला.

"तोंड तुहंच होतं ना?" तिने विचारलं.

वहिनी म्हणाल्या की ते हसणं जोकच्या आधीचं होतं.

"जोकच्या आधी कोण हसते, रमा?"

वर्षानुवर्षं रोज सकाळी वहिनींच्या शेजारी उभं राहून कारणाशिवाय हसलेली बाई हे विचारत होती. मी मध्ये पडलो, मागच्या रांगेतून पाहिलेलं सांगितलं. पण दिराची साक्ष कोण धरतो? अपर्णा निघून गेली.

आम्ही दोघं चिरागकडे गेलो. ते दृश्य काढून टाक, एवढंच वहिनींचं म्हणणं. त्याने आम्हाला चहा दिला आणि सांगितलं की आजवर सगळ्यांत जास्त लोकांनी हेच पाहिलंय, काढायचा प्रश्नच येत नाही. "दीदी, आप तो स्टार हो गईं," म्हणाला. वर मलाच शिकवू लागला, की आजकाल सरकारला सवाल विचारायचा हाच एक रस्ता उरलाय, ह्यूमर समझिए. मी विचारलं, यात सरकारला कोणता सवाल विचारलास? त्यावर तो हसला. खुर्चीवरच्या माणसाची टिंगल करायला छाती लागते. सतरंजीवरच्या उपाशी पोराची कोणीही करतो, आणि हा भेकड ती पाठीमागे आमची म्हातारी माणसं उभी करून करत होता. लोक म्हणाले पोलिसांत जा. काय सांगणार तिथे, माझं हसू चोरलं?

पुढच्या शनिवारी वहिनी पांढरी सुती साडी नेसून निघाल्या. गल्लीतून जाताना अपर्णा ओट्यावर होती, तिने तोंड फिरवलं. वहिनी पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. ती पोट्टी समोर आली, म्हणाली, हलकं हसा. कोणी हसायच्या आत वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"पहिले जोक सांग," त्या म्हणाल्या. "हसण्यासारखा असला तर हसू."

आणि खाली बसल्या. क्लबात वहिनींच्या आधी हसायची पद्धत नाही. सगळे गप्प राहिले. चिरागला आतून बोलवावं लागलं. आला, जोक सांगितला. कोणी हसलं नाही. दुसरा सांगितला, तिसरा सांगितला. एसीचा आवाज तेवढा येत होता. त्याच्या कपाळावरची पावडर ओघळताना पाहून मला जे सुख झालं, ते मी लपवणार नाही. आलूगुंडा न खाता आम्ही सगळे खाली उतरलो.

रविवारी कार्यक्रम मोबाइलवर आला. चिरागने जोक सांगितला आणि पडदाभर रमावहिनी पोट धरून हसल्या. पुढच्या जोकलाही हसल्या. त्याच्याकडे त्यांचं हसू भरून ठेवलेलं होतं.

मग अपर्णा आली. या वेळी आत आली, पलंगावर बसली.

"काल तू पांढरी नेसून गेली होतीस," ती म्हणाली. "आन् मोबाइलात हिरवी. मी बघून राहिली होती तुले, ओट्यावरून."

वहिनी रडू लागल्या. मला वाटलं, सुटलो, एकदाचं कळलं हिला. मी पाणी आणायला उठलो.

"तू हसली नव्हतीस, समजलं मले," अपर्णा म्हणाली. "पण शिशिरनं पाह्यलं ते पाह्यलं. त्यानं सोमवारीच उपास सोडला. नागपूरले गेला, कोणत्या तरी गोदामात लागला. मी लय समजावलं त्याले. म्हणे, आई, दुनिया हसू दे. पण रमाकाकूच हसल्या, तर मी उपाशी कोणासाठी राहू?"

वहिनींनी नागपूरला फोन केले. तो उचलत नाही.

बागेतला क्लब आता दुसरं कोणी चालवतं. वहिनी सकाळी दार लावून घरात बसतात, आणि मी काही गमतीचं बोललो तरी नुसत्या माझ्याकडे बघतात. चिरागच्या समोर हल्ली भाड्याची पोरं असतात. पण जोक पडला की तो अजून तेच दृश्य लावतो. दर रविवारी, तो कोणाचीही टिंगल करो, हिरव्या साडीतल्या आमच्या वहिनी हसतात.