दोन मिनिटांचं उत्तर

सुक्या बोंबलांची पिशवी उघडली, की त्या वासानं मला नयनाचा हेवा वाटायला लागतो, अजूनही.

आम्ही दोघी तारापूरजवळच्या एकाच कोळीवाड्यातल्या. परदेशी जायचं म्हणून इंग्रजी बोलायच्या परीक्षेचा क्लास बोईसरला लावला होता. एकदा सरांनी विचारलं, कुणाकडून कधी पैसे उसने घेतलेत? दोन मिनिटं बोला.

नयना सुटलीच. आईनं जाळ्यासाठी शेजारणीकडून पैसे घेतले, फेडताना नोटांबरोबर मूठभर सुके बोंबील दिले, कारण आमच्यात उसनं रिकाम्या हातानं फेडत नाहीत. सर तर खूशच झाले. मी तिच्या इंग्रजीवर जळतेय, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटायचं. पण इंग्रजी मलाही आलं आणि जळणं काही गेलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी "नो सर, नेव्हर" म्हणाले आणि खाली बसले. माझ्या क्लासची फी नयनाच्या आईकडून उसनी आणलेली होती. नयना शेजारीच होती, पण वर्गात एक शब्द बोलली नाही.

परतताना रिक्षात हळूच म्हणाली, "खरं बोलली असतीस तं दोन मिंटं आरामात भरली असती, नाय?"