दिगंबरचे बारा शब्द

बातमी आली तेव्हा मी हिंजवडीच्या पुलाखाली, कंपनीच्या बसमध्ये होतो. बस नेहमीप्रमाणे उभी होती. मृण्मयीचा फोन आला. ती कधी फोन करत नाही, मेसेज करते. "दिगंबरसर गेले," एवढंच ती म्हणाली आणि मी विचारलं, "कुठे?" मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळी फिरायला निघताना तो बुटाची नाडी बांधायला वाकला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. एकसष्ट वर्षांचा होता. मी त्याला अरेतुरे करायचो, तो मला अहोजाहो करायचा. बारा वर्षांत हे बदललं नाही. का ते त्याला कधी विचारलं नाही. आता राहूनच गेलं.

दिगंबर पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचा. आमची ओळख झाली ती एका कागदामुळे. कोथरूडमधल्या त्याच्या सोसायटीच्या फलकावर त्याने एक सूचना लावली होती, टी-स्क्वेअरची पट्टी लावून काढावं तसल्या अक्षरात: 'आभासी चलनाविषयी कुतूहल असणाऱ्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता यावे. गुंतवणुकीचा सल्ला मिळणार नाही. चहा मिळेल.' मी त्याच सोसायटीत मावशीकडे गेलो होतो, तिच्याकडे न जाता आधी तिसऱ्या मजल्यावर गेलो. तेव्हा बिटकॉइन म्हटलं की लोकांना एकतर लॉटरी वाटायची नाहीतर पोलीस आठवायचे. त्या पहिल्या रविवारी आम्ही पाच जण होतो. मृण्मयी तेव्हा नुकतीच खराडीतल्या एका कंपनीत लागली होती, कॉम्प्युटर सुरक्षेचंच काम करायची, दोन बस बदलून यायची. बाकीचे दोघे भाव पडला तेव्हा गळले. पुढेही असंच व्हायचं. भाव चढला की नवी मंडळी यायची, पडला की त्यांच्या घरी लग्नकार्यं निघायची. टिकलो आम्ही तिघंच.

आम्ही करायचो काय, असं लोक विचारतात. वाद घालायचो. दर महिन्याला जगात कुणीतरी नवं नाणं काढायचं आणि त्याची योजना समजावणारी वीस-तीस पानी पत्रिका इंटरनेटवर टाकायचं. दिगंबर ती छापून आणायचा आणि लाल पेनाने तपासायचा. समासात 'हे कशासाठी?', 'सिद्धता कुठे?', 'व्याकरण' अशा खुणा. शेवटी दहापैकी गुण. तीनाच्या वर फारसं कुणी गेलं नाही. एकदा एका पत्रिकेत नुसते संस्थापकांचे हसरे फोटो होते, त्यावर त्याने लिहिलं होतं, 'दात चांगले आहेत.' पैसा ही वस्तू मुळात विश्वासाने चालते, तर मग तो विश्वास बँकेवर ठेवायचा, सरकारवर ठेवायचा की गणितावर, हा त्याचा आवडता विषय. त्यावर तो तासभर बोलायचा आणि मग आतून शुभांगीवहिनींचा आवाज यायचा, "अहो, विश्वास नंतर ठेवा, आधी पोहे खा. गार झाले."

शुभांगीवहिनींना आमच्या उद्योगाबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. "वाजवून बघता येत नाही ते नाणं कसलं?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दिगंबरने मग आमच्या ग्रुपचं नावच 'न वाजणारी नाणी' ठेवलं.

काही वर्षांनी एक गोष्ट घडली. आम्ही ज्या वेबसाइटवर थोडीफार नाणी ठेवली होती, ती एका सकाळी उघडेचना. फोन नाही, पत्ता नाही, कुणाला जाब विचारायची सोय नाही. माझं बरंच त्यात होतं, दिगंबरचं अगदी थोडं. तो म्हणाला, "किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायची आणि घर माझं म्हणायचं, असं झालं आपलं." त्यानंतर आम्ही सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवर आपापली पाकिटं केली. वाचकांपैकी ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. असं पाकीट तयार करताना ते तुम्हाला बारा साधे इंग्रजी शब्द देतं, दोन हजारांवर शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून. ते बारा शब्द, त्याच क्रमाने, ज्याच्याकडे असतील त्याचे पैसे. ते हरवले तर पैसे गेले. अर्ज करायला कुठलंही ऑफिस नाही, साहेब नाही, शिपाईसुद्धा नाही.

हे शब्द कुठे ठेवायचे यावर आमचे कितीतरी रविवार गेले. आणि त्यातल्याच एका रविवारी नियम केला तो मी. शब्द कुणालाही सांगायचे नाहीत. घरच्यांनाही नाहीत. मृण्मयीने दुजोरा दिला, म्हणाली, घरचीच माणसं प्रेमाने मोबाइलवर फोटो काढून ठेवतात आणि तिथून सगळं बाहेर जातं. दिगंबर म्हणाला, "आणि उद्या मी नसलो तर?" मी म्हणालो, "तर काय, सुरक्षित राहतील." आम्ही हसलो. वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभ्या होत्या. "म्हणजे बँकेच्या लॉकरची किल्ली माझ्याकडे, गॅसचं पुस्तक माझ्याकडे, यांच्या गोळ्या माझ्याकडे," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि हे तेवढं माझ्याकडे नको. बरं." त्या दिवशी पोह्यांवर खोबरं नव्हतं. दिगंबर खाली मान घालून खात होता.

तो गेल्यावर वीस-बावीस दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, विजेच्या बिलांच्या फायलीत एक कागद सापडलाय. तुमच्यातला दिसतो. येऊन घेऊन जा." मी गेलो. ड्रॉइंगच्या जाड कागदाचा तुकडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यावर एक ते बारा आकडे आणि प्रत्येकापुढे मराठीत एक ओळ. वहिनींनी तो धड वाचलाही नव्हता. आकडे बघितले आणि बाजूला ठेवला. मी पिशवी खिशात घातली तेव्हा त्या म्हणाल्या, "पैशांचं काय व्हायचं ते होवो. पेन्शन आहे, माझं भागेल. मला एवढंच कळू दे… चौतीस वर्षं संसार केला, माझ्यापासून लपवायचं होतं का यांना?" नियम माझाच होता. मी म्हटलं, बघतो.

मग आम्ही दोघा शहाण्यांनी त्या कागदाचं जे काही केलं, ते सांगायला लाज वाटते. फोटो काढायचा नाही म्हणून मृण्मयीने खराडीहून येऊन तो हाताने उतरवून घेतला. पहिल्या ओळीत होतं, 'सामंतांकडे गेली ती आलीच नाही.' दुसरीत, 'माथेरानला रिकामा निघाला.' मी प्रत्येक ओळीची पहिली अक्षरं जुळवली. मग शेवटची. मृण्मयीने अक्षरं मोजून ते आकडे शब्दांच्या यादीशी लावून पाहिले, एक प्रोग्रामही लिहिला. 'निघाला' आणि 'आलीच' ही क्रियापदं म्हणजे पुढे-मागे सरकायच्या सूचना असणार, असा माझा सिद्धांत होता. त्या सिद्धांतावर मी सलग दोन शनिवार घालवले. दिगंबरने त्यालाही दहापैकी एखादाच गुण दिला असता, तोही अक्षर बरं आहे म्हणून.

शेवटी हात टेकले आणि एका रविवारी कागद परत द्यायला गेलो. वहिनी डायनिंग टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, जमलं नाही. काहीतरी फार अवघड पद्धत वापरलीय त्याने." त्या म्हणाल्या, "लिहिलंय तरी काय?" मी वाचलं, "सामंतांकडे गेली ती आलीच नाही."

"शिडी," वहिनी म्हणाल्या. मान वर न करता.

मी म्हटलं, "काय?"

"अहो, शिडी. खालच्या सामंतांनी नेली होती रंगकामाला. मग फ्लॅट विकून बाणेरला गेले ते शिडीसकट. हे दर दिवाळीला काढायचे तो विषय. पुढे?"

"माथेरानला रिकामा निघाला."

"कॅमेरा. रोल घालायलाच विसरले होते. दोन दिवस मला कड्याच्या टोकावर उभं करून फोटो काढत होते." आता त्यांचे हात थांबले होते. मी बॅगेतून यादी काढली. लॅडर होता. कॅमेरा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी थेट खराडीपर्यंत घातला होता.

तिसरी ओळ होती, 'तू घाबरत नाहीस.' वहिनी म्हणाल्या, "पाल. आणि मी खरंच घाबरत नाही, मला किळस येते. त्यात फरक आहे." पुढच्या ओळीत होतं, 'आईने दोनदा, तू एकदा, तरी मला कमीच.' ते मीठ. 'मी निळा म्हणालो, तू तुला हवा तोच आणलास.' तो पडदा, अजून हॉलमध्येच होता, हिरवा. 'ज्यांच्यावरून तू आठ दिवस बोलली नाहीस.' यावर त्या म्हणाल्या, "यांचे काका. गावाहून आठवड्यासाठी आले आणि तीन महिने राहिले. आणि आठ नाही, नऊ दिवस." मी यादीत अंकल शोधला. तोही होता. एकेक शब्द सापडत होता आणि वहिनी हसत होत्या, मधूनच पदराने डोळे पुसत होत्या, पुन्हा म्हणत होत्या, "पुढे वाचा." (हे शब्द इथे छापायला हरकत नाही. त्या पाकिटातलं सगळं नंतर नव्या पाकिटात हलवलं, आणि वहिनींनी लिहायची परवानगी दिली आहे.)

अकरा झाले, ते मी बॅगेतल्या लॅपटॉपवर पाकिटाच्या रकान्यांत भरले. मी बारावी ओळ वाचायला लागलो, 'हॉस्पिटलच्या जिन्यात तू म्हणालीस…' तेवढ्यात वहिनींनी हात पुढे केला. "तो कागद द्या इकडे." चष्मा लावून ती ओळ त्यांनी स्वतः वाचली. बराच वेळ कागद हातात धरून बसल्या. मी विचारलं, "आठवतंय का?" त्या म्हणाल्या, "आठवतंय. पण सांगणार नाही. ती यादी द्या आणि तुम्ही जरा गॅलरीत जाऊन उभे राहा."

खरं म्हणजे अकरा शब्द मिळाल्यावर बारावा आमच्यासारख्याला शोधता येतो. शेवटच्या जागी बसतील असे मोजकेच शब्द असतात, कॉम्प्युटर सांगतो. मी हे बोललो नाही. गॅलरीत गेलो. खाली दुचाकी लावण्यावरून कुणाचं तरी चाललं होतं ते ऐकत उभा राहिलो. मागे यादीची पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग एका बोटाने एकेक अक्षर दाबल्याचा. मग काहीच नाही. खूप वेळाने त्यांनी हाक मारली. पाकीट उघडलं होतं. आकड्याकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं, लॅपटॉप माझ्याकडे सरकवून त्या पुन्हा मेथी घेऊन बसल्या होत्या. चेहरा निवांत होता, दिगंबर गेल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "माझ्यापासून नव्हतं लपवलं. तुमच्यापासून लपवलं होतं."

मी मान डोलावली. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. सुरक्षिततेवर आम्ही इतकी वर्षं बोललो, पण जगातलं एकच माणूस उघडू शकेल असं कुलूप आमच्यापैकी त्याने एकट्याने केलं होतं, आणि त्याबद्दल एका रविवारीही अवाक्षर काढलं नव्हतं. मी केलेला नियमही त्याने मोडला नाही. शब्द त्याने कुणालाच सांगितले नाहीत.

माझे बारा शब्द मला पाठ आहेत. कागद नाही, काही नाही. याचा मला अभिमान होता. त्या रविवारी घरी आल्यावर मी एक कोरा कागद घेतला, एक ते बारा आकडे घातले आणि पहिल्या शब्दापुढे काय लिहावं याचा विचार करत बसलो. ओळ अशी हवी की ती फक्त नीलिमाला कळेल, माझ्या बायकोला. शब्द अगदी साधा आहे, कुणाच्याही घरात असतो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. एकोणतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, आणि मला त्या शब्दाची एकही गोष्ट आठवेना. दिगंबरला बाराच्या बारा आठवल्या होत्या. बुटाची नाडी बांधायच्या कितीतरी आधी कधीतरी, त्याच डायनिंग टेबलाशी, वहिनी आत स्वयंपाकघरात असताना, तो एकेक आठवत बसला असेल.

शेवटी मी उठलो आणि बाहेरच्या खोलीत गेलो. नीलिमा पेपर वाचत होती. मी तो शब्द उच्चारला आणि विचारलं, "अगं, आपल्याकडे याच्यावरून कधी काही झालं होतं का गं?"

तिने पेपर खाली ठेवला. "झालं होतं का म्हणजे?" ती म्हणाली. "अहो, तुम्हाला खरंच आठवत नाही?"

मी म्हटलं, नाही. आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.